घटाशेजारचा लाल दिवा

चणियाचोळीचे आरसे घरभर सांडायला लागले की समजायचं, नवरात्र आलं. मी शिवण सोडली त्याला आता बरीच वर्षं झाली. हे वासणा भागातलं घरही नवीन, इथे मी एकही चणिया शिवलेला नाही. तरी भाद्रपद सरता सरता फरशी झाडताना एखादा आरसा केरसुणीपुढे चमकतोच. मशीनच्या पेटीतून येत असेल. मी उचलते, पुसते, खिडकीत ठेवते. टाकवत नाही.

बडोद्यात नवरात्र आधी कानाला कळतं. भर दुपारी, माणसं वामकुक्षीला पडलेली असताना कुणीतरी माइकवर हॅलो हॅलो करत राहतो. मग मांडवाचे बांबू ठोकतात. मग घटाची माती आणायची, ती भिजली की घरात वास सुटतो, त्यात झेंडूचा वास, तेलाचा वास, आणि या सगळ्यावर उकाडा. पाऊस गेलेला, थंडी यायची असते. अंगाला चिकटणारे दिवस.

हे दिवस आले की देवीच्या आधी मला एक लाल दिवा आठवतो. ज्वारीच्या दाण्याएवढा. तो काही देवाचा नव्हता. पोरीच्या व्हिडिओ गेमचा होता.

तेव्हा आम्ही मकरपुऱ्याच्या रस्त्याला दोन खोल्यांत राहायचो. मी, हे, सासूबाई आणि वैशू. वैशू आमची एकुलती, लग्नानंतर फार उशिरा झालेली. हे कारखान्यात फिटर. ह्यांचे आजोबा-पणजोबा बडोदा संस्थानाच्या फौजेत होते, त्यांची एक तलवार घरात होती. म्यानातून निघायची नाही इतकी गंजलेली, पण सासूबाई तिला माणसासारखं जपायच्या. मी चौथी शिकलेली. मशीन चालवायची आणि घर चालवायची.

तो गेमचा डबा ह्यांनीच आणला. मंगळबाजारात पोरीला फ्रॉक घ्यायला गेले आणि हा डबा घेऊन आले.

"फ्रॉक कुठंय?" मी विचारलं.

"फ्रॉक तू शिवशील की. हे तुला शिवता येतं का?"

पांढरा डबा, त्याला दोन वायरी, वायरींना दोन रिमोट, आणि वर कॅसेट खोचायची फट. कॅसेट एकच होती. तिच्यात एक किल्ला होता आणि किल्ल्यावर चढणारी दोन माणसं. दोघांच्या कमरेला मिळून एक दोरी. एकाने उडी मारायची तेव्हा दुसऱ्याने दोरी धरायची. दोघं एकदम उडाले की दोघं खाली. एकट्याने खेळायची सोयच नव्हती त्यात.

मी पाठीमागे बसून चणियाला आरसे लावायची आणि ही दोघं टीव्हीपुढे.

"पप्पा, थांबा ने! मी धरली नाही अजून."

"मग धर की लवकर. मी काय लटकून राहू?"

"तुम्हाला दिसतं की नाही?"

"ऐकलंस गं? बापाला आंधळा म्हणते."

सासूबाई जप करता करता म्हणायच्या, "आपल्या घराण्याने खरे किल्ले चढले. हा काचेतला चढतोय."

त्या खेळाचं एक वाईट होतं. बंद केला की गेला. कितीही वर पोहोचा, बटण दाबलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पायथ्याशी. मला ते कसंसंच वाटायचं. मी अर्धा चणिया शिवून झाकून ठेवला, तर सकाळी तो अर्धा तरी असतो. इथे सगळं उसवलेलं.

घट बसायच्या आदल्या दिवशी ही दोघं कधी नव्हे इतकी वर गेली. एक शिडी होती, तिची मधली एक पायरी तुटलेली. तिथे दोघं पोहोचली आणि तेवढ्यात कारखान्यातून निरोप आला, टेम्पोबरोबर करजणला जायचंय, कुठल्याशा पंपाचं काम आहे. ह्यांनी खेळ पॉज केला. टीव्ही बंद केला, डबा चालू ठेवला.

"वैशू, मी येईपर्यंत हात लावायचा नाही. आलो की वर जाऊ."

"प्रॉमिस?"

"अगं, दोरी बांधलीय ना दोघांना. जाणार कुठं मी?"

चप्पल घालून गेले. परत येताना टेम्पो उलटला. डोक्याला मार. मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं तेव्हा शुद्ध नव्हती. मी डॉक्टरला विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, "बेन, ए अमारा हाथमां नथी." आमच्या हातात नाही, हे खरं बोलला बिचारा. खोटा धीर दिला असता तर मी जास्त घाबरले असते.

दुसऱ्या दिवशी घट. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, या वर्षी राहू दे का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. "माझा मुलगा जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "घट का नाही बसणार?"

बसला. खोलीत वारा न लागणारा कोपरा एकच, टीव्हीच्या टेबलाशेजारचा. तिथे पत्रावळीवर माती, मातीवर घट, बाजूला समई. अखंड दिवा, नऊ दिवस विझायचा नाही. आणि हातभर अंतरावर टेबलावर तो डबा, त्याचा लाल दिवा. वैशू तो कुणाला बंद करू देईना. शाळेत जाताना सासूबाईंना सांगून जायची, "आजी, हात लावायचा नाही हं." आल्यावर दप्तर टाकायच्या आधी तो दिवा बघायची. मीही बघायची.

अखंड दिव्यापायी पंखा बंद. आश्विनातला उकाडा, पत्र्याचं छप्पर, आणि पंखा बंद. गेमच्या चार्जरला हात लावला तर चटका बसायचा. वैशूने तो उपड्या ताटलीवर ठेवला आणि पुठ्ठ्याने त्याला वारा घालत बसायची. जोरात घातला तर समई फडफडायची, हळू घातला तर चार्जर तापायचा. सासूबाई म्हणायच्या, "देवीला वारा घालायचा सोडून डब्याला घालतेस?" आणि स्वतःच पदर आडवा धरून समईपुढे बसायच्या, म्हणजे पोरीला जरा जोरात वारा घालता यावा.

आमच्या शेजारी हंसाबेन राहायच्या. मांडवाच्या लाइटिंगची वायर खांबावरून आमच्याच बाजूने ओढायला माणसं आली तर ह्या बाई ओटल्यावर उभ्या राहिल्या, आमच्या लाइनवर लोड टाकू देईनात. "एमना घरनी लाइन पर लोड ना नाखता, भाई. एमनुं काम चालु छे." काय काम चालू आहे ते त्या माणसांनी विचारलं नाही आणि हंसाबेननी सांगितलं नाही. त्यांना डब्याचं सगळं माहीत होतं.

माझं असं चाललेलं. सकाळी घटाला माळ, सासूबाईंना आणि पोरीला रोटली-शाक, मग बस पकडून दवाखाना. तिथे ह्यांच्या खाटेशी बसून राहायचं. काही काम नसायचं. ओला कपडा ओठांना लावायचा, कूस बदलायला वॉर्डबॉयला हाक मारायची. हात रिकामे राहिले की डोकं चालतं, म्हणून मी लोकांच्या चोळ्या घेऊन जायची. त्यांना लटकन लावत बसायची. गरबा काही माझ्यासाठी थांबणार नव्हता, बायका त्या चोळ्यांची वाट बघत होत्या. लाल, हिरवी, पोपटी लटकनं ह्यांच्या पांढऱ्या चादरीवर पसरलेली. एकदा शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "केटलुं सरस लागे छे." मलाही चांगलं वाटलं. ह्यांच्या आसपास काहीतरी रंगीत होतं.

दवाखान्यात जायच्या आधी मी रोज एकदा टीव्ही लावून बघायची. चित्र आहे ना. असायचं. दोन माणसं, तुटक्या पायरीची शिडी, मध्ये दोरी. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, दोघंही राखाडीच. ते चित्र मला इतकं पाठ झालं की डोळे मिटले तरी दिसायचं. उजव्या कोपऱ्यात एक चौकोनी दगड, त्याला भेग. डावीकडे एक पक्षी उडता उडता थांबलेला. मी कधी खेळ खेळले नाही, पण ते चित्र माझ्याइतकं कुणी बघितलेलं नाही.

आणि मी एक मूर्खपणा मनात धरून बसले होते. कुणाला सांगितला नाही. की हा लाल दिवा आहे तोवर हे आहेत. समईचं सासूबाई बघतील, ह्याचं मी. अशी मी बाई. अंगात येणाऱ्या बायांना हसणारी. पण दवाखान्यातून परत येताना बसमधून उतरले की माझे पाय आपोआप भरभर पडायचे, ते त्या दिव्यासाठी.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रं पुजतात. तलवार तर असतेच, पण ज्याच्या हातात जे असतं तेही पुजायचं. माझी कात्री, मशीन, ह्यांचे पाने, पक्कड, विळीसुद्धा. सगळं पुसायचं, हळदकुंकू, फूल. आणि पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी विसावा. कात्रीने कापायचं नाही, मशीन चालवायचं नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा.

मी दवाखान्यात होते. वैशू शाळेत. दुपारी घरी आले तर पाटावर सगळं मांडलेलं. तलवार मागे. पाने, कात्री, पक्कड ओळीने. आणि सगळ्यात पुढे, पहिला, तो पांढरा डबा. ओल्या फडक्याने लखलखीत पुसलेला. वर कुंकवाचं बोट आणि झेंडू. वायर नीट गुंडाळून दोऱ्याने बांधलेली.

वैशू आधीच आलेली. भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं होतं.

सासूबाईंना कळेना काय झालं ते. म्हणाल्या, "अगं, ह्याच्या हातात शेवटचं हेच होतं ना? पाने तर त्याने तिकडचे वापरले. मी म्हटलं, त्याच्या हातचं आयुध पहिलं पुजू. म्हणजे हात परत येईल त्याचा. आणि आज चालू कसं ठेवायचं गं आयुध? विसावा नको?"

त्यांच्या मनात माझ्याहून वेगळं काय होतं? त्यांनी तलवारीच्या पुढे ठेवला होता तो.

मी वैशूचा हात धरला आणि तशीच उलट्या पावली निघाले. जेवले नाही. बसमध्ये ती म्हणाली, "आई, पप्पा..." आणि माझा पदर धरला. तिच्याही मनात तेच होतं, म्हणजे पोरीने माझ्यासारखाच मूर्खपणा धरला होता आणि माझ्यासारखाच कुणाला सांगितला नव्हता. दवाखान्याचा जिना मी कठडा धरून चढले.

हे खाटेवर होते. सकाळी होते तसेच. छाती वर-खाली होत होती. बाटलीतलं पाणी थेंब थेंब उतरत होतं. सकाळी मी विसरलेलं एक पोपटी लटकन चादरीवर तसंच पडलेलं. काहीसुद्धा झालं नव्हतं.

मी स्टुलावर बसले. लाल दिवा गेला आणि काहीसुद्धा झालं नाही. इतके दिवस छातीवर जे धरून ठेवलेलं ते खाली ठेवल्यासारखं वाटलं. श्वास ह्यांचा होता, डब्याचा नव्हता. मला त्याला वारा घालायचा नव्हता, पदर आडवा धरायचा नव्हता. मी वैशूला म्हटलं, "बघ, आहेत." ती म्हणाली, "हो." मग रडली. मग आम्ही दोघींनी खालच्या गाडीवर चहा घेतला आणि मला चक्क भूक लागली.

दसरा असाच गेला. कोजागिरी झाली आणि त्यानंतर एका सकाळी ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून जड जिभेने म्हणाले, "शाळेत गेली का ती?" इतक्या दिवसांनी माणूस उठतो आणि हजेरी घेतो. मी म्हटलं, "गेली. तुम्ही पडा."

घरी आले ते डावा पाय ओढत. बोलणं सावकाश. फिटरचं काम गेलं, कारखान्याच्या गेटवर बसायचं काम मिळालं. ते त्यांनी रिटायर होईपर्यंत केलं, कुरकुर केली नाही. मी मशीन जास्त चालवलं. त्याचं काय सांगायचं, सगळ्याच बाया चालवतात. पण एक झालं. अपघाताच्या आधीचे महिने ह्यांच्या डोक्यातून पुसले गेले. वैशूने एकदा विचारलं, "पप्पा, आपण किल्ल्यावर कुठपर्यंत गेलो होतो?" हे म्हणाले, "कुठला किल्ला?" तिने माझ्याकडे बघितलं. डबा ट्रंकेत गेला. काही वर्षांनी काढला तर लाल दिवा लागला नाही.

तेव्हापासून मला एक खोड लागली. लाइट बंद करायच्या आधी मी घरातल्या सगळ्यांकडे एकदा बघून घेते. वैशू हसते. हसू दे.

वैशू कॉम्प्युटर शिकली, त्यातच नोकरीला लागली. या घरात हॉलच्या कोपऱ्यात तिचा कॉम्प्युटर आहे. या उन्हाळ्यात एका रविवारी तिने हाक मारली, "आई, इकडे ये. पप्पा, तुम्ही पण."

काचेवर किल्ला होता.

"डबा दुरुस्त केलास?" मी विचारलं.

"नाही गं. डबा नाहीच. हा एक प्रोग्राम आहे, इम्युलेटर म्हणतात. हा कॉम्प्युटरला त्या डब्याचं सोंग घ्यायला लावतो. खेळाला वाटतं आपण जुन्याच डब्यात आहोत."

"बहुरूप्यासारखं."

"अगदी. आणि कॅसेटमधलं सगळं एका फाइलमध्ये आहे."

तेवढ्यात ते वाजलं. खेळ सुरू होताना वाजायचं ते, टिंव टिंव टिंव. माझ्या हातातली परात मी खाली ठेवली. आणि रंग! मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की त्या दोघांतला एक झेंडूसारखा पिवळा आहे आणि एक निळा. दोरी हिरवीगार. मी जी माणसं पाठ करून ठेवलेली, ती अशी होती होय.

वैशूने दोन रिमोट आणलेले, जुन्यासारखेच. एक ह्यांच्या हातात दिला. ह्यांना काही आठवलं नाही. मला वाटलं होतं बोटांना तरी आठवेल. छे. पहिल्याच उडीला दोघं खाली.

"पप्पा, थांबा ने. मी धरली नाही."

"मग धर की. मी काय लटकून राहू?"

वैशू एकदम थांबली. मी पण. ह्यांना कळेना आम्ही का बघतोय. "काय झालं?" म्हणाले. खेळ विसरले होते, पण खोड तीच होती.

मग पावसाळाभर रोज संध्याकाळी दोघं खेळली. ह्यांचं बोट सावकाश दबतं, त्यामुळे पडणं फार. पण वैशू प्रत्येक शिडीपाशी कीबोर्डवरचं एक बटण दाबायची. "आता पडलो तरी इथूनच. आई, यात कुठेही थांबता येतं. कॉम्प्युटर बंद केला तरी हे राहतं." मला तिचं म्हणणं कळलं, पण पटलं नाही. ती बंद करायला लागली की मी स्वयंपाकघरात जायची.

आणि परवा, अष्टमीला, मी घटाला माळ घालत होते. घट आता हॉलच्या त्याच कोपऱ्यात, कॉम्प्युटरशेजारी बसतो, तिथे वारा लागत नाही. पंखा अर्थात बंद. वैशू कुरकुरत होती, कॉम्प्युटर तापतो म्हणून. सहज मान वर केली तर काचेवर उजवीकडे भेग पडलेला चौकोनी दगड. डावीकडे पक्षी. तुटक्या पायरीची शिडी.

"हीच ती," मी म्हटलं.

"काय हीच?" ह्यांनी विचारलं.

वैशूने बटण दाबलं आणि म्हणाली, "पप्पा, आता दसऱ्याला. उद्या खंडेनवमी आहे, सगळ्या आयुधांना विसावा."

काल मी पूजा मांडली. सासूबाई गेल्या त्याला खूप वर्षं झाली, पण मांडणी त्यांचीच. मागे तलवार. कात्री, पक्कड, ह्यांची गेटवरची शिट्टी. आणि पुढे ते दोन रिमोट. कॉम्प्युटरला जागेवरच कुंकू लावलं. वैशू म्हणाली, "आई, बंद तू कर." मी ह्यांच्याकडे बघितलं. ते हिंचक्यावर झोके घेत शेंगा सोलत होते. मग वैशूकडे बघितलं. आणि बंद केला. काच काळी झाली. समई जळत होती. ह्यांनी शेंगांची टरफलं वाटीत टाकली आणि विचारलं, "चहा होणार आहे का?"

आज दसरा. सकाळी वैशू रांगेत उभी राहून फाफडा-जलेबी घेऊन आली, आपट्याची पानं आणली. मी घट उठवला. चांगले वीतभर पिवळे कोंब आले होते, ह्यांच्या टोपीत खोवले, वैशूच्या केसांत खोवले. समईत तेल घातलं नाही, ती आपली आपण शांत झाली. मग वैशूने कॉम्प्युटर लावला. मी उभीच होते. काच उजळली, तिने दोन ठिकाणी काहीतरी दाबलं.

होती. पिवळा, निळा, मध्ये हिरवी दोरी. पक्षी तसाच थांबलेला. रात्रभर कुणी वारा घातला नव्हता.

"धरलीस का?" ह्यांनी विचारलं.

"धरली."

तुटकी पायरी पिवळ्याने ओलांडली, मग दोरीने निळ्याला ओढून घेतलं. चित्र सरकलं. पुढचं मी कधी बघितलेलं नव्हतं, म्हणून चष्मा लावून जवळ गेले. वर काय असेल म्हणून इतकी वर्षं वाटायचं, तर वर आणखी एक शिडी होती.

"आता ही कोण चढणार?" हे म्हणाले, आणि जलेबीला हात घातला.

मी भिंतीपाशी गेले आणि पंखा लावला.